तुम्ही विचारलंत म्हणून : पोट भरतं का?

मुंबईला गेले की जमेल तेव्हा मी एखादं लांबलचक टेस्टिंग मेन्यूवालं जेवण जेवून येते, हे आता आमच्या नात्यागोत्यात आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे इथे नागपुरात धरमपेठेतलं हळदीकुंकू असो की मानेवाड्यातलं लग्न, प्रश्न ठरलेला असतो. "ताई, एवढाले पैसे देऊन पोट तरी भरते का हो?" आणि लगेच पुढचं वाक्य, "तेवढ्यात सावजी खानावळीत आख्खं खानदान जेवून येते नं!" विचारणारे आपुलकीनंच विचारतात आणि प्रश्न रास्तही आहे. पण ताट हातात धरून उभ्या उभ्या त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर सांगते.

पोट भरतं. व्यवस्थित भरतं.

टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय, ते आधी बघू. तिथे मेन्यूकार्डातून निवडायचं नसतं. त्या रात्री काय रांधायचं, कशानंतर काय येणार, किती येणार, हे सगळं शेफ ठरवतो. दहा, पंधरा, कुठे वीसच्याही वर पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येक दोन-तीन घासांचा. अडीच-तीन तास सहज जातात. एक ताटली बघितली तर वाटतं, एवढंसंच? पण पंधरा ताटल्यांचे मिळून तीस ते पंचेचाळीस घास होतात. त्यात लोणी असतं, सुकामेवा असतो, मांस-मासे असतात, शेवटी दोन-तीन गोड पदार्थ असतात, आणि मधेच कुठेतरी गरम पाव येतो तो वेगळाच. सावकाश खाल्लेलं अन्न अंगी लागायला आणि पोटाला कळायला वेळही मिळतो.

घास एवढे लहान ठेवण्यामागे कारण आहे. पदार्थाची चव पहिल्या दोन-तीन घासांत सगळ्यात जास्त कळते. मग आपण त्या चवीला सरावतो आणि पुढचं नुसतं सवयीनं खात राहतो. भूक त्या एका चवीपुरती मरते, दुसऱ्या चवीची शाबूत असते. पुरी-भाजीनं गच्च झालेला माणूस श्रीखंडाची वाटी परत पाठवत नाही, ते याच कारणानं. आहारशास्त्रात १९८०च्या दशकापासून यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या 'फ्रेंच लाँड्री' या रेस्तराँचे शेफ थॉमस केलर यांनी तर आपली वाढण्याची पद्धतच यावर बेतली. चव ऐन भरात असताना ताटली संपायला हवी, हा त्यांचा आग्रह.

तर पैसे कशाचे द्यायचे? माझ्या मते क्रमाचे. कोणती चव कधी तोंडात येते, तिच्याआधी काय होतं आणि नंतर काय येणार, याचा इतका बारीक विचार दुसऱ्या कुठल्या जेवणात केलेला मी पाहिला नाही. सावजीत पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकच जाळ असतो आणि त्याची मजा त्यातच आहे. हलबा कोष्ट्यांच्या घरातून आलेलं ते जेवण मी जिवापाड जपते. पण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. एकदा जिभेला चिकटलं की बराच वेळ हलत नाही, आणि तोवर मागून आलेली नाजूक चव वाया जाते. म्हणून लांब मेन्यूत तिखट मागे ढकललेलं असतं. आधी थंड, आंबट, हलकं. मग धुरकट, खमंग. मग जड. मग पुन्हा एखादा आंबट घास तोंड स्वच्छ करायला, आणि त्यानंतर गोड. तुम्ही जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

एक ताटली जवळून दाखवते. मुंबईतल्या एका जेवणात सुरुवातीलाच एका खोल चमच्यात सुपारीएवढा पांढरा गोळा आला. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळ्या मिठाचे दोन कण, चिंचेच्या कोळाचा एक थेंब. एका घासात खा, असं वाढणाऱ्या मुलीनं सांगितलं. तोंडात टाकल्यावर साल जाणवते न जाणवते तोच फुटली आणि थंडगार दही एकदम सगळीकडे पसरलं. दहीवड्याची चव, वड्याशिवाय. जिरं आधी, मग आंबट, मग चिंचेचा गोडवा, आणि लगेच सगळं संपलं. भूक खवळली.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे कसं होतं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दह्यात कॅल्शियम मुळातच असतं, बरेचदा थोडं वरूनही घालतात. हे दही चमच्यानं अलगद सोडियम अल्जिनेटच्या पाण्यात सोडायचं. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. दह्यातले कॅल्शियमचे आयन अल्जिनेटच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधतात आणि दह्याभोवती पातळ पापुद्रा धरतो. साध्या पाण्यात विसळलं की पापुद्रा जाड व्हायचा थांबतो, आतलं दही पातळच राहतं. उलट केलं, म्हणजे अल्जिनेट पदार्थात आणि कॅल्शियम बाहेरच्या पाण्यात, तर गोळा आतपर्यंत घट्ट होत जातो आणि केल्या केल्या वाढावा लागतो. शिवाय आंबट पदार्थात अल्जिनेट नीट विरघळत नाही. दह्याला ही पहिली रीतच हवी. बारावीच्या मुलांना आयनबंध शिकवताना मी हे उदाहरण देते तेव्हा मागच्या बाकावरचीही मान वर होते.

स्वयंपाकघरात हे तंत्र आणलं स्पेनमधल्या 'एल बुली'नं, २००३ मध्ये. कॅटलोनियात रोझेस गावाजवळच्या खाडीकाठी हे रेस्तराँ होतं आणि फेरान आद्रिया तिथले शेफ. वर्षातून साधारण सहा महिने चालायचं, उरलेल्या काळात बार्सिलोनातल्या कार्यशाळेत नवे पदार्थ शोधायचे. ३० जुलै २०११ ला ते बंद झालं. त्याआधी, १९८८ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती आणि रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी स्वयंपाकातल्या रसायन-भौतिकीच्या अभ्यासाला स्वतंत्र शाखेचं नाव दिलं होतं. आपल्याकडच्या चवींना हे लागू केलं ते कोलकात्याच्या गगन आनंद यांनी. एल बुलीच्या चमूकडे शिकून आले आणि २०१० मध्ये बँकॉकला स्वतःचं रेस्तराँ काढलं. दह्याचा तो फुटणारा गोळा त्यांच्यामुळेच गाजला, आणि २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं आशियातल्या पन्नास उत्तम रेस्तराँच्या यादीत त्यांचं रेस्तराँ पहिलं होतं. आता मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ पासून 'मास्क' हे असंच रेस्तराँ आहे. दुबईत हिमांशू सैनी यांच्या 'ट्रेसिंड स्टुडिओ'ला २०२५ मध्ये तीन मिशेलिन तारे, म्हणजे मिशेलिन गाइडचा रेस्तराँसाठीचा सर्वोच्च मान मिळाला, भारतीय जेवणाला पहिल्यांदाच.

सगळंच चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून सूप आलं. घुमट उचलण्याआधी धुराच्या लाकडाची माहिती झाली, मग वाटी घडवणाऱ्या कुंभाराची, मग शेफच्या आजीची. तोवर सूप कोमट झालं होतं आणि धूर तर चवीत कुठे लागलाच नव्हता. दुसरीकडे एकाच जेवणात तीनदा फेस आला, तिन्ही वेळा नुसता ओलसर. माझी कसोटी साधी आहे. तंत्रामुळे चव हव्या त्या क्षणी, हव्या त्या जोरानं पोचली का? दह्याच्या गोळ्यात पोचते. पोचत नसेल तर ते तंत्र फोटोपुरतं, आणि त्याचे पैसे मला द्यायचे नाहीत.

बरेच जण म्हणतात, आपल्याला काय आवडतं ते न विचारता वाढणं हे काही आपलं नाही. मला हे पटत नाही. पंगतीत तरी कुणी विचारायचं? मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, पहिला वरण-भात-तूप, मग पोळी, मग मसालेभात, गोड, आणि शेवटी ताक-भात. साध्यापासून तिखटाकडे आणि पुन्हा थंडाकडे. हा क्रम कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जेवून बसवलेला आहे, आणि पाटावर बसलेला माणूस मुकाट्यानं त्याच्या हवाली व्हायचा. फरक आहे तो आग्रहाचा. टेस्टिंग मेन्यूत "अजून एक घ्या नं" नाही. मला त्याची चुटपुट लागते, अगदी खरं सांगते. एखादा घास जीव ओवाळून टाकावा असा असतो आणि तो परत मिळत नाही.

मोहाच्या फुलांचं असंच झालं. बदकाच्या मांसाबरोबर एक गडद, चिकट रस आला, त्यात दोन सुकी फुलं भिजून फुगलेली. वास नाकाला लागताक्षणी मी ओळखला. मनुकांसारखा गोड, पण खाली एक आंबूस, जंगली दर्प. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-गोंदियाकडे पहाटे झाडाखाली ही फुलं सांडतात आणि बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला जातात. मोहाचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना दारूच आठवते. तिथे तो सगळ्यात जड मांसाच्या जोडीला, ऐन मध्यावर, मानानं बसवला होता. त्याआधीचा घास फिक्या भाताचा होता, म्हणून मोह आणखी खोल लागला. वाढणाऱ्या मुलानं मात्र "फॉरेस्ट फ्लॉवर" एवढंच सांगितलं. मी त्याला थांबवून जिल्ह्यांची नावं सांगितली. कुंभाराचं नाव सांगायला वेळ असतो तर वेचणाऱ्यांच्या गावाचं का नको?

आता पैशांचं. माणशी काही हजार रुपये, हे खरंच खूप आहेत आणि मी ते वर्षभर बाजूला टाकून जमवते. ते जातात कुठे, तर माणसांच्या हातांवर. एल बुलीत रात्रीच्या पन्नासेक पाहुण्यांसाठी चाळीसेक स्वयंपाकी राबायचे, आणि तरीही त्या रेस्तराँला नफा होत नव्हता. त्या चाळिसांतले पुष्कळ जण शिकाऊ आणि बिनपगारी होते. कोपनहेगनच्या 'नोमा'तही तेच होतं. तिथे शिकाऊ मुलांना पगार सुरू झाला २०२२ मध्ये, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथले शेफ रेने रेडझेपी यांनी हा हिशेब टिकणारा नाही असं सांगून नेहमीचं रेस्तराँ बंद करण्याचं जाहीर केलं. बिनपगारी पोरांच्या कष्टावरचा घास मला गोड लागत नाही. म्हणून बुकिंग करताना मी शाकाहार, ॲलर्जी यांच्याबरोबर हेही विचारते की तुमच्याकडे शिकणाऱ्यांना पगार आहे का. बहुतेक ठिकाणी विचारलेलं आवडतं. जिथे टाळाटाळ होते तिथे मी जात नाही.

आणि एक प्रश्न, जो फक्त माझी एक विद्यार्थिनी विचारते : नागपुरात असं का नाही? मॅडम, आपल्याकडे काय कमी आहे? काही कमी नाही. माझ्या डोक्यात तो मेन्यू क्रमानं तयार आहे. सुरुवात अंबाडीच्या फुलांच्या थंड, आंबट घोटानं. मग डिसेंबरातला कोवळा हुरडा, निखाऱ्यावरून थेट, जवसाच्या चटणीच्या बोटभर फरकाट्यासह. मग वायगावच्या हळदीचं ओलं लोणचं, नुसतं एक काप. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचा वाटीभरही नाही असा भात, वर फक्त तूप, वास यावा म्हणून. त्यानंतर पाटवडी, रश्शाशिवाय, आणि तिचा रस्सा वेगळ्या छोट्या पेल्यात, भिवापुरी मिरचीचा, जवसाच्या तेलावरचा, म्हणजे तिखट कुठून सुरू होतं ते नेमकं कळेल. त्याच्या पाठीला ताक-भात, आणि तिथे तरी वाढप्यानं आग्रह करायलाच हवा. मग चारोळी आणि मोहाचं काहीतरी घट्ट, कोमट.

शेवटी संत्रं. साखर नाही, मलई नाही, बर्फीही नाही. सोललेल्या चार फोडी, पांढऱ्या शिरा काढलेल्या. पण ते मृग बहाराचं हवं, फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरणारं. पावसाळ्यानंतर येणारा आंबिया बहार आंबटसर असतो, आणि एवढ्या तिखटानंतर, ताकानंतर जिभेला गोडच लागतं. मृगाची फळं उतरेपर्यंत त्या ताटलीत चिन्नोरची खीर ठेवा, शिंगाड्याचा हलवा ठेवा. शीतगृहातलं संत्रं नागपुरात तरी पाहुण्यापुढे ठेवू नये.