तुम्ही विचारलंत म्हणून : कथेला ‘उचंत खातं’ हे काय नाव झालं?

‘कथा आवडली हो, पण नाव वाचून वाटलं हिशेबाचं पुस्तक आहे,’ असं सांगणारे वाचक भेटतात आणि पाठोपाठ प्रश्न येतोच : चांगली साधी नावं सोडून तुम्ही विज्ञानातले, वकिलीतले, हिशेबातले शब्द का उचलता?

कारण त्या शब्दांना अटी असतात. कथेला ‘विरह’ नाव दिलं की लेखक मोकळा, पुढे काहीही लिहा. परिभाषेतला शब्द असा मोकळा सोडत नाही.

उचंत खात्याचंच बघा. रक्कम जमा झालीय, पण कुणाची, कशापोटी, ते कळत नाही. ती नाकारता येत नाही आणि भलत्याच्या नावावरही टाकता येत नाही. म्हणून ती उचंतीला ठेवतात. उलगडा झाला की योग्य त्या खात्यावर वर्ग करायची, तोवर ती हिशेबात डोळ्यांसमोर राहणार. माझ्या कथेत एका घरी लांबच्या नात्यातली बाई राहायला येते. कुणाची कोण, किती दिवस, कुणीच विचारत नाही. मला ती कथा अर्ध्यावर हळवी करून सोडायचा मोह होता. नावाने सोडू दिलं नाही; बाईंचं खातं कुणाकडे, हे घरातल्यांना ठरवावंच लागलं.

ही युक्ती माझी नव्हे. जर्मन लेखक गटेने १८०९च्या आपल्या कादंबरीचं नाव रसायनशास्त्रातून घेतलं : ‘इलेक्टिव्ह अफिनिटीज’. बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने वापरलेली ही संज्ञा. जोडीतला एक पदार्थ जुना जोडीदार सोडून दुसऱ्याशी संयोग पावतो, तो प्रकार. कादंबरीत नवरा-बायकोच्या घरी एक कॅप्टन येतो, हे रसायन गप्पांत समजावून देतो आणि मग एक तरुण मुलगी राहायला येते. पुढचं वाचकाच्या लक्षात येतं, पात्रांच्या येत नाही. जेम्स केन या अमेरिकन लेखकाची ‘डबल इंडेम्निटी’ ही कादंबरी तर विम्याच्या कलमावरच उभी आहे : मृत्यू रेल्वेच्या अपघातात झाला तर दुप्पट रक्कम. म्हणून नुसता खून करून भागत नाही, तो रेल्वेचा अपघात दिसला पाहिजे. कलम काढून घ्या, कटाचा आकारच बदलेल.

उलट ‘ब्लॅक होल’ नावाच्या कथेत बहुधा कुणीतरी उदास असतं, बस्स. ‘क्वांटम’बद्दल तर बोलायलाच नको.

‘अर्धायुकाल’ या नावावरही विचारणा होते. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल, म्हणजे त्यातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस. ८ दिवसांनी निम्मं उरतं, म्हणून १६ दिवसांनी संपलं, असं पुष्कळांना वाटतं. संपत नाही, पाव उरतं. २४ दिवसांनी दोन आणे. दुःखावर कथा लिहिणाऱ्याला एवढं पुरेसं वाटेल, पण मला त्यातली दुसरी अट जास्त कामाची वाटली : ढिगातले निम्मे अणू केव्हापर्यंत विघटित होतील ते सांगता येतं, अमुक एक अणू कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझ्या कथेतली विधवा एकंदरीत सावरत जाते, सगळ्यांना तसं दिसतंही, आणि कुठल्या मंगळवारी कपाट आवरताना ती कोसळेल याचा अंदाज तिला स्वतःलाही नसतो.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला : मग वाचकाने आधी पदार्थविज्ञान शिकून यायचं का? मुळीच नाही. संज्ञा कळण्यापुरतं कथेतच आलं पाहिजे, तेही कुणाच्या तरी तोंडी, कामाच्या ओघात. तळटीप द्यावी लागली तर मी नाव बदलतो. अमेरिकन लेखक जोसेफ हेलरने तर १९६१मध्ये ‘कॅच-२२’ या कादंबरीत त्याच नावाचा लष्करी वाटणारा नियम चक्क घडवला. तो कुठल्या नियमावलीत होता म्हणून नव्हे, कादंबरीत तो वैमानिकांना पदोपदी अडवतो म्हणून लोकांना पटला. आकडासुद्धा आधी १८ होता. त्याच सुमाराला दुसऱ्या एका कादंबरीच्या नावात १८ आला म्हणून बदलावा लागला.