गायोलेच्या बाजारातून जुनी इटालियन रेसर आणली, ती कशी पारखली ते सांगतो

गेल्या ऑक्टोबरात टस्कनीतल्या गायोले इन कियांतीला जाऊन आलो. तिथे 1997 पासून लेरोईका असते, म्हणजे जुन्या सायकलींवरून पांढऱ्या कच्च्या रस्त्यांची राइड, सायकल 1987 च्या आधीची लागते, गेअरचे लिव्हर खालच्या नळीवर, ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून आणि पेडलला पट्टे. मला चालवायचं नव्हतं, राइडच्या आधी गावात जुन्या सायकली आणि पार्टचा बाजार बसतो त्यासाठी मी म्युनिकहून गेलो होतो.

गायोलेला रेल्वे नाही, फ्लॉरेन्सहून सिएनापर्यंत ट्रेन आणि पुढे बस. गावात राहायला काहीच मिळालं नाही म्हणून सिएनात राहिलो. शुक्रवारी सकाळीच पोचा, शनिवारी दुपारी परत बघितलं तर चांगला माल उचललेला होता. रोख पैसे, टॉर्च, ॲलन की आणि मापासाठी व्हर्नियर कॅलिपर सोबत हवंच.

पहिल्याच स्टॉलवर एक लाल कोलनागो (नावाजलेली इटालियन कंपनी) दिसली, तिची खूण असलेले चिडीच्या एक्क्याचे स्टिकर एकदम झकास, किंमत 900 युरो. बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1972 मध्ये मेक्सिकोत तासाचा विक्रम (एका तासात जास्तीत जास्त अंतर) केला तो कोलनागोने बांधलेल्या सायकलवर, त्यामुळे नाव वाचूनच माणूस विरघळतो, मीही विरघळलो होतो. पण सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटची नळी, म्हणजे पेडलचा अ‍ॅक्सल ज्यात बसतो ती, मोजली तर 68 मिमी, इटालियन मापाची 70 असते. नुसत्या यावरून निकाल लावू नका, कारण परदेशासाठी इंग्लिश आट्याच्या फ्रेमही बनायच्या. मग सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढायला लावला, त्यावर 26.4 (जाडी, मिमीत) कोरलेलं. कोलंबस एसएल, म्हणजे चांगल्या इटालियन फ्रेमच्या पोलादी नळ्यांची फ्रेम असेल तर इथे 27.2 यायला पाहिजे. सांध्यांवर कुठेही एक्का कोरलेला नाही, फक्त रंग आणि स्टिकर. विक्रेत्याने "रंग नवीन आहे" एवढंच मान्य केलं. मला खरंच वाईट वाटलं, कारण नवखा कोणीतरी ती पूर्ण किमतीला घेणार.

दोन स्टॉल पुढे एक निळी, रंग उडालेली, नावाचं स्टिकर अर्धं गेलेलं. नळी 70, सीटपोस्ट 27.2, मागच्या चाकाच्या खाचेवर कॅम्पान्योलो या इटालियन पार्ट कंपनीचा ठसा. चाक काढून पुढच्या चिमट्याच्या नळीत खालून टॉर्च मारला तर आत पिळासारख्या पाच उठावदार रेघा, तो क्षण मी विसरणार नाही, कारण त्या कोलंबसच्या नळीच्या, रंगवून आणता येत नाहीत.

साल काढायचं तर मागच्या डिरेलरवर (गेअर बदलणारा पार्ट) बघा, कॅम्पान्योलोचा नुओवो रेकॉर्ड असेल तर 'पेटंट-78' असं काहीतरी असतं. पण ते डिरेलरचं साल, फ्रेमचं नाही, पार्ट बदलले जातात, म्हणून हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) लॉकनटवरचा आकडाही बघा. माझ्या सायकलवर दोन्हीकडे 78 निघालं. मागचं चाक बसतं तिथलं फ्रेमचं अंतर 126 मिमी, म्हणजे सहा गेअरच्या काळातलं, तेही जुळलं.

किमतीचं म्हणाल तर फ्रेमची हालत सगळ्यात आधी. हेड ट्यूबच्या (हँडलखालची पुढची नळी) मागे खालच्या नळीला बोटाने चाचपा, बारीक फुगवटा किंवा रंगाला आडवी सुरकुती लागली तर सायकल समोरून आदळलेली आहे, सोडून द्या. मग उजव्या क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मुळाशी, जिथे दांडा चेनची चकती धरणाऱ्या पंजाला मिळतो, तिथे नख फिरवा, कॅम्पान्योलोच्या जुन्या रेकॉर्ड क्रँकला तिथेच तडे जातात. सीटपोस्ट किंवा हँडलचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) गंजून अडकला असेल तर भाव बराच पाडून मागा, तो काढताना फ्रेमही जाऊ शकते. मूळ रंग कितीही खरवडलेला असला तरी मला तो नवीन रंगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो आणि बाजारातले जाणकारही तसंच बोलत होते. आणि साइज, आपल्या उंचीला बसत नसेल तर स्वस्तातलीही नको.

650 मागितले, क्रँकला एक तडा दाखवून 520 ला ठरलं. क्रँक दुसऱ्या स्टॉलवर 60 ला मिळाला.

परतताना लक्षात ठेवा, इटलीतल्या वेगवान फ्रेच्चा गाड्यांमध्ये अख्खी सायकल चालत नाही, सुटी करून बॅगेत भरावी लागते. मी बॅग नेलीच नव्हती, त्यामुळे सिएनापासून साध्या गाड्या बदलत बदलत आलो. टायर ट्यूब्युलर, म्हणजे ट्यूब आतच शिवलेले आणि रिमला डिंकाने चिकटवलेले, जुना डिंक पार सुकला होता, त्यामुळे ते काढून पुन्हा लावेपर्यंत सायकलवर बसलो नाही.