‘१ = १’ ला रामराम

मी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, हातानं लिहिणारा माणूस. दोन टेबलांचा जॉइन कसा लावायचा ते कुठल्या कोड-लायब्ररीनं मला शिकवू नये, अशा तोऱ्यात बरीच वर्षं काढली. तो तोरा उतरवला एका शोध-पानानं. पुस्तकांची यादी, त्यावर शीर्षक, लेखक, भाषा, वर्ष असे सात फिल्टर, आणि वापरणारा त्यातले कुठलेही भरणार, कुठलेही रिकामे सोडणार. माझ्या कोडमध्ये सुरुवातीलाच ‘व्हेअर १ = १’ ही कायम खरी असणारी अट ठोकलेली होती, म्हणजे पुढचा प्रत्येक तुकडा डोळे मिटून ‘अँड’नं चिकटवता येतो. ज्यांनी हे केलंय ते आत्ता गालात हसत असतील. एकदा एका तुकड्यामागे मोकळी जागा सोडायची राहिली आणि डेटाबेसकडे ‘नलऑर्डर बाय’ असं काहीतरी गेलं. त्या दिवशी कनेक्स बसवलं.

नावाचा उच्चार ‘कनेक्स’ असाच आहे, स्पेलिंगमधला ‘के’ मुका नाही. नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, चालणारा हा क्वेरी बिल्डर: आपण फंक्शनं जोडायची, एसक्यूएल तो लिहितो. डेटाबेसचा ड्रायव्हर मात्र तो सोबत आणत नाही, वेगळा घ्यावा लागतो. शिकण्यापुरतं मी एसक्यूलाइट घेतलं: एक फाइल, सर्व्हर नाही, कटकट नाही.

पहिलीच क्वेरी अपडेटची लिहिली. चालवली. एरर नाही, आणि बदलही नाही. अर्धा तास फाइलचा पाथ तपासत बसलो. चूक साधी होती: मी ‘अवेट’, म्हणजे ‘चालव आणि उत्तराची वाट बघ’, लिहिलंच नव्हतं. कनेक्समध्ये व्हेअर, सिलेक्ट, लिमिट या सगळ्या साखळीनं फक्त क्वेरी बांधली जाते. ती डेटाबेसकडे जाते ते अवेट किंवा देन केल्यावरच. आणि एकच बिल्डर दोनदा अवेट केला, तर क्वेरीही दोनदा धावते.

हे कळल्यावर सात फिल्टर सोपे झाले. आधी पाया बांधायचा, मग ‘भाषा भरली असेल तर हा व्हेअर लाव’ असे साधे इफ. पहिला व्हेअर कुठला, अँड कुठे, याची काळजी कनेक्सची. फिल्टरमध्ये भरलेल्या किमती (व्हॅल्यूज) एसक्यूएलच्या मजकुरात न मिसळता वेगळ्या, बाइंडिंगमधून जातात, त्यामुळे कुणी शीर्षकाच्या चौकटीत अवतरणचिन्हं टाकून खोड्या केल्या तरी ते शीर्षकच राहतं. एसक्यूएल जसंच्या तसं लिहू देणारं ‘रॉ’ वापरताना मजकूर स्वतःच जोडलात तर मात्र हे संरक्षण गेलं. तिथेही प्रश्नचिन्ह टाकून किंमत वेगळी द्यायची.

पण बिल्डर ही बदलत जाणारी वस्तू आहे, आणि ते मला महागात पडलं. पानाच्या वर एकूण संख्या हवी, खाली पहिली वीस पुस्तकं. मी त्याच पायावर काउंट लावला, संख्या बरोबर आली. मग त्याच पायावर सिलेक्ट आणि लिमिट लावलं, आणि यादीत एकच पुस्तक! काउंट तिथेच चिकटून राहिला होता. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसनं अशी क्वेरी ग्रुप बायवरून ओरडून नाकारली असती. एसक्यूलाइट उदार, त्यानं मुकाट्यानं एक ओळ दिली. उपाय म्हणजे क्लोन: आधी पायाची प्रत, मग तिच्यावर काउंट.

‘ऑर-व्हेअर’चंही तसंच. भाषा मराठी, पुस्तक उपलब्ध, आणि शोधशब्द शीर्षकात किंवा लेखकात. सरळ साखळी लावली तर कंस पडत नाहीत, आणि लेखकाचं नाव जुळलं की बाहेर गेलेली पुस्तकंही यादीत येऊन बसतात. कंस हवा असेल तर व्हेअरला फंक्शन द्यायचं आणि त्याच्या आत दोन्ही अटी लिहायच्या. हे मला बिल्डरचं तयार एसक्यूएल दाखवणाऱ्या ‘टू-एसक्यूएल’नं दाखवलं. नवी क्वेरी बांधली की आधी ते छापून बघायचं, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. हातानं एसक्यूएल लिहिलेल्यांना इथे फायदा आहे: चुकलेला कंस नजरेला लगेच खुपतो.

अनडिफाइंड, म्हणजे भरलीच न गेलेली, किंमत व्हेअरमध्ये गेली तर कनेक्स एरर देतं. आधी वैतागलो, मग शहाणपण पटलं. डिलीटसाठीच्या ‘डेल’ला मात्र असा पहारा नाही. व्हेअर विसरलात तर टेबल रिकामं.

शेवटची फजिती ट्रान्झॅक्शनची, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा क्वेरींच्या गठ्ठ्याची. पुस्तक दिल्याची नोंद आणि प्रतींची संख्या एक कमी, दोन्ही एकत्र व्हायला हवं. आतली दुसरी क्वेरी मी सवयीनं बाहेरच्याच कनेक्सवर लिहिली, ट्रान्झॅक्शननं हातात दिलेल्या ‘टीआरएक्स’वर नाही. प्रोग्रॅम साठ सेकंद गप्प, मग एरर: कनेक्शन मिळालं नाही, टीआरएक्स द्यायचा राहिला नाही ना? एसक्यूलाइटच्या पूलमध्ये, म्हणजे कनेक्सनं उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, एकच कनेक्शन असतं. ते ट्रान्झॅक्शननं धरून ठेवलेलं आणि आतली क्वेरी त्याचीच वाट बघत बसलेली. पोस्टग्रेसवर पूल दहापर्यंत जातो. तिथे हीच क्वेरी दुसऱ्या कनेक्शनवरून बिनबोभाट धावली असती आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरवलं (रोलबॅक झाला) तरी प्रत कमीच राहिली असती. आता ट्रान्झॅक्शनच्या आत चालणाऱ्या माझ्या फंक्शनांच्या फाइलमध्ये मुख्य कनेक्स इम्पोर्टच करत नाही. टीआरएक्स हातात दिला तरच ती चालतात.