वजन राहिलं, उजेड गेला

हिऱ्याचे नवे कट आणि त्यांची कोंदणं डिझाइन करणं हे माझं काम. लोकांना वाटतं, मी दिवसभर चित्रं काढते. खरं तर निम्मा दिवस सुरतेशी फोनवर कोनांवरून हुज्जत घालण्यात जातो.

यंदा नथीच्या मधल्या खड्यासाठी षटकोनी कट केला. अंगठीतला हिरा घालणारीच वाकून बघते, तिचंच डोकं उजेडाच्या आड येतं. नथ बघतो समोरचा, हातभर लांबून. म्हणून तळियाचे, म्हणजे खालच्या बाजूचे, मोठे पेल (पैलू) मी मधोमध मोडले. एकच मोठा झोत नको, बोलताना मान हलली की बारीक ठिणग्या उडायला हव्यात. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने गोल ब्रिलियंटचं गणित मांडलं, त्यात तळियाचा कोन 40.75 अंश. माझा कोन वेगळा, पण तितकाच हट्टी. जरा सरकला की ठिणगी मेली.

सुरतेहून पुडी आली. काट्यावर 1.01 कॅरट! ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी. माझ्या आराखड्यात 0.94 होतं. लूप, म्हणजे भिंग, लावला, तर गर्डल (कडेचा पट्टा) जाड, तळिया खोल आणि टेबलातून, म्हणजे वरच्या सपाट पैलूतून, बघावं तर मधोमध काळं. एक कॅरटची रेषा ओलांडली की कॅरटमागे भावच उडी मारतो, हे घंटीवर (हिरे घासायच्या चाकावर) बसणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. बरं, हात इतका सफाईदार की सहाही कोपरे अगदी काटेकोर. हिरे तपासून रिपोर्ट देणारी संस्था जीआयए कटची श्रेणी फक्त गोल ब्रिलियंटला देते. बाकी आकारांच्या रिपोर्टवर ती नसते, वजन मात्र दोन दशांशांपर्यंत छापलेलं असतं. मग उजेडाची फिकीर कोणी करायची?

रागारागातच खडा सेटरकडे, म्हणजे कोंदणात बसवणाऱ्याकडे, नेला. दादा बंगालचे, कमी बोलणारे. त्यांनी गर्डल बघितलं आणि चक्क खूश झाले. "मॅडम, कोना मोटा है, अच्छा है. टूटेगा नहीं." हिरा कठीण खरा, पण चिवट नव्हे. प्राँग, म्हणजे खडा धरणारे धातूचे काटे, दाबताना जोर तिरका पडला की टोकाचा टवका उडतो. माझ्या आराखड्यातली बारीक टोकं त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हती. आता व्ही प्राँग त्यांनी एका बैठकीत बसवले.

नवरीच्या आईने पहिलं वजन विचारलं. आकडा ऐकून समाधान झालं. नवरी आरशासमोर मान इकडेतिकडे वळवून बराच वेळ बघत राहिली. तिला ते काळं दिसलं का, हे मी तरी कसं विचारणार?

सुरतेच्या फोरमनला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "बेन, तुमचा कोन पाहिजे तर रफ मोठी द्या ना."

मोठ्या रफचे, म्हणजे कच्च्या हिऱ्याचे, पैसे कोणी घालायचे, यावर मालकांशी माझी अजून बोलणी चालू आहेत.