तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाबाला वास का नाही?

तळेगावजवळच्या आमच्या पॉलिहाऊसमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा आधी फूल नाकाशी नेतो. "याला वास का नाही हो?" मी नवे संकर करते हे कळलं की लगेच, "मग एखादा वासाचा करा ना!"

केला होता.

पराग घेतले 'पापा मिलांद'चे, त्या १९६३ च्या गडद लाल, घमघमणाऱ्या गुलाबाचे. आई, म्हणजे बी धरणारं झाड, आमच्याच शेडमधली लांब दांड्याची लाल जात. कळी उमलायच्या आत पाकळ्या सोडवायच्या, चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी कुक्षी (पराग धरणारं फुलाच्या मधलं टोक) चिकट झाली की कुंचल्याने पराग लावायचे. फळ पिकायला चार महिने, मग बी दोन महिने फ्रिजमध्ये. एवढं करून ६१ रोपं उगवली. वास भरून आला तो एकट्या ३७ नंबरला.

त्याचं पहिलं फूल सासूबाईंनी देवघरात ठेवलं आणि स्वयंपाकघरापर्यंत दरवळ आला. मी त्याच्या फांदीवरचे डोळे (कोंब) दुसऱ्या खुंटांवर भरून वीस कलमं केली. दांडा साठ सेंटिमीटरचा, कळी टोकदार. पहिल्या तोडणीतली दहा फुलं ओट्यावर बाटल्यांत ठेवली. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले तर सात फुलांनी मान टाकलेली. पाकळ्या ताज्या, रंग तसाच, फक्त कळीखालचा दांडा बोटाला मऊ लागत होता. रात्री दोन वाजता मी एकेक दांडा पाण्याखाली धरून तळाशी पुन्हा कापला. सकाळी दोन उभी राहिली, दुपारी तीही पडली. बाजारात ७ दिवसांच्या आत मान टाकणारं फूल मी कुणाला विकू?

त्याच आठवड्यात वीसही झाडं उपटली. एक डोळासुद्धा राखला नाही.

तेव्हा म्हणायचे, वास आणि टिकणं यांचं वैरच आहे. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी याच पापा मिलांदमध्ये वास घडवणारं एक विकर (एन्झाइम) दाखवलं; म्हणजे वास टिकण्याशी जखडलेलाच असेल असं नाही. ते वाचल्यापासून वाटतं, दोन्ही गुण एका झाडात आणता आले असते, मीच घाई केली. पण शेडच्या कर्जाचे हप्ते मी भरत होते. ३७ नंबरसाठी वाफा अडवून ठेवायची ऐपत नव्हती, हेही खरं. खरंच नव्हती का? एका कुंडीला किती जागा लागते!

सासूबाई अजून विचारतात, "ते देवघरातलं फूल परत कधी?" तुम्हाला उत्तर देता येतं, त्यांना नाही.

या हिवाळ्यात पुन्हा तेच पराग लावलेत. अकरा फळं धरली आहेत, अजून हिरवी आहेत.