महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना आणि पाच डॉलरची पाण्याची बाटली

आमची मुलगी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात एम.एस. करते. गेल्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझे पती पुण्याहून तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी ती आणि तिची मैत्रीण आम्हाला विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सामना पाहायला घेऊन गेल्या. हा आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकन फुटबॉल. सामना मला मनापासून आवडला, हे आधीच सांगते. मात्र स्टेडियमच्या आत खाण्यापिण्यावर जो खर्च झाला त्याचा आम्ही तिकिटे काढताना विचारही केला नव्हता, आणि मुलांना भेटायला जाणाऱ्या इतर आईवडिलांची तशी गैरसोय होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांना त्याच्या आकाराची कल्पना येणे कठीण आहे. अॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ इतकी आहे, आणि लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतील अशी स्टेडियमे असलेली आणखीही काही विद्यापीठे तिथे आहेत. प्रत्यक्ष खेळ १५ मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे तासाभराचाच असतो. पण घड्याळ सारखे थांबते, दूरचित्रवाणीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबवतात, मध्यंतर २० मिनिटांचे असते, आणि या सगळ्यात साधारण साडेतीन तास जातात. गर्दीमुळे तासभर आधी आत जावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी एकदा बाहेर पडलेल्याला त्याच तिकिटावर पुन्हा आत घेत नाहीत. थोडक्यात, चार-साडेचार तास माणूस आत असतो आणि आतल्या दुकानांखेरीज त्याला दुसरा आधार नसतो.

माझ्या पतींना मधुमेह आहे, त्यामुळे मी नेहमीप्रमाणे कापडी पिशवीत दशम्या, चटणी, थोडा चिवडा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. दारावरच्या माणसाने अतिशय नम्रपणे सांगितले की ही पिशवीही चालणार नाही आणि डबाही चालणार नाही. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आता फक्त पारदर्शक पिशवी आत नेता येते, आणि तिचे सर्वसाधारण माप १२ इंच रुंद, १२ इंच उंच व ६ इंच जाड असे ठरलेले आहे. डबा कचरापेटीत टाकायचा किंवा गाडीत ठेवून यायचे, एवढेच दोन मार्ग होते. गाडी २५ मिनिटांच्या अंतरावर होती. “आई, तुम्ही दोघे आत जाऊन बसा, मी ठेवून येते,” असे म्हणून मुलगी गेली, आणि ती परत आली तोवर सामन्याचा पहिला भाग संपत आला होता. वैद्यकीय कारणासाठी लागणारे खाणे आणि औषधे बहुतेक ठिकाणी तपासणी करून आत नेऊ देतात, हे आम्हाला नंतर कळले. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला दोन दिवस आधी पत्र लिहून विचारावे आणि आलेले उत्तर मोबाइलमध्ये जवळ ठेवावे.

आतले दर असे होते: पाण्याची बाटली ५ डॉलर, प्रेट्झेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) ७, चीज घातलेले नाचोज (मक्याचे कुरकुरीत काप) ९, लहान चीज पिझ्झा १२ आणि लिंबाचे सरबत ८ डॉलर. शाकाहारी माणसाला यापलीकडे पॉपकॉर्न आणि बटाट्याचे तळलेले काप एवढेच मिळते. चौघांनी मिळून सहा बाटल्या पाणी, दोन प्रेट्झेल, एक नाचोज, एक पिझ्झा आणि दोन सरबते घेतली. कर धरून साधारण ८६ डॉलर झाले, म्हणजे आपले सात हजारांहून अधिक रुपये. फलकावरच्या दरात कर धरलेला नव्हता. रोख पैसे घेत नव्हते, आणि कार्ड लावल्यावर पडद्यावर बक्षिशीचे पर्याय येत होते. बक्षिशी नको असल्यास तसे निवडता येते आणि त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

खाण्याच्या दराबद्दल मी फार तक्रार करणार नाही, कारण पोटभर जेवून गेलेला माणूस चार तास सहज काढू शकतो. पाण्याचे तसे नाही. सामना दुपारी बाराला सुरू झाला, आमच्या जागेवर सावली नव्हती आणि सहा बाटल्यांचे ३० डॉलर आम्ही नाइलाजाने दिले. त्याच गावातल्या किराणा दुकानात २४ बाटल्यांचा पुडा एका बाटलीच्या त्या किमतीच्या आसपास मिळतो. १५ सप्टेंबर २००७ रोजी ऑरलँडोमध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या नव्या स्टेडियमचे उद्घाटन झाले, तेव्हा तिथे पिण्याच्या पाण्याचे नळच बसवलेले नव्हते. कडक उन्हात तीन डॉलरची बाटली विकता विकता साठा संपला आणि उष्णतेच्या त्रासाने १८ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर विद्यापीठाने नळ बसवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांना बाहेरचे खाणे मना करण्याची मुभा दिली, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत ठेवावे असेही सांगितले. मला हाच न्याय योग्य वाटतो आणि स्टेडियमलाही तो लागू व्हावा असे वाटते.

दर इतके का असतात, याचाही मी शोध घेतला. एका हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामनेच होतात, त्यामुळे सगळी यंत्रणा वर्षातले बाकीचे दिवस पडून असते. विक्रीचा ठेका बहुधा बाहेरच्या कंपनीकडे असतो आणि विक्रीतला मोठा वाटा विद्यापीठाला जातो. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची परवानगी मिळाली आहे, आणि पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. ही रक्कम उभी करण्याचा दबाव तिकिटांप्रमाणे खाण्यापिण्याच्या दरांवरही येईल, असे मला वाटते. मात्र खिडकीतल्या माणसावर रागावू नये. मला नाचोज देणारी बाई तिच्या मुलीच्या शाळेतल्या वाद्यवृंदाच्या सहलीसाठी निधी जमवायला विनावेतन उभी होती. अशा संस्थांना त्या दिवसाच्या विक्रीतला काही हिस्सा मिळतो, आणि ही पद्धत अनेक स्टेडियममध्ये आहे.

दर कमी ठेवूनही काम चालते, याचे उदाहरण अटलांटात आहे. तिथले मर्सिडीज-बेंझ स्टेडियम २०१७ मध्ये सुरू झाले तेव्हा हॉट डॉग, पाण्याची बाटली आणि पुन्हा पुन्हा भरून घेता येणारे शीतपेय, प्रत्येकी २ डॉलर, आणि पिझ्झाचा तुकडा ३ डॉलर असे करासह दर ठेवण्यात आले. पहिल्या वर्षी दर तिथल्या आधीच्या स्टेडियमच्या जवळपास निम्मे असूनही प्रत्येक प्रेक्षकाने केलेला सरासरी खर्च १६ टक्क्यांनी वाढला. महाविद्यालयीन फुटबॉलमधला पीच बोल हा मोठा सामना आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचा अंतिम सामना तिथेच होतो. तुमची मुले त्या बाजूला असतील तर पहिला सामना तिथला पाहावा.

इतरत्र जाणाऱ्यांनी आधी त्या स्टेडियमच्या संकेतस्थळावर पाण्याचा नियम पाहावा, कारण तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. कुठे सीलबंद बाटली चालते, कुठे रिकामी पारदर्शक बाटली नेऊन आत भरता येते, तर कुठे दोन्ही चालत नाहीत. आत गेल्यावर पाणी भरण्याचे नळ कुठे आहेत ते पहिल्यांदा विचारून घ्यावे, आणि खिडकीवर साध्या पाण्याचा पेला मागून पाहावा. काही ठिकाणी तो फुकट देतात. मध्यंतरात रांगेत उभे राहू नये, दुसरा भाग निम्म्यावर आला की जावे. आणि जेवण बाहेरच, गाड्यांच्या मैदानात करावे. तिथे लोक सकाळपासून गाडीचा मागचा दरवाजा उघडून शेगडी पेटवतात, आणि त्यांच्याइतके अगत्यशील यजमान मी प्रवासात क्वचितच पाहिले. आमच्या शेजारच्या कुटुंबाने न मागता भाजलेली कणसे आणून दिली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही त्याच स्टेडियमवर दुसरा सामना पाहिला. दशम्या गाडीपाशी बसून खाल्ल्या, त्यातल्या चार शेजाऱ्यांना दिल्या, रिकाम्या बाटल्या आत नेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या नळावर भरल्या आणि यांच्यासाठी सुक्या मेव्याची पुडी विद्यापीठाचे पत्र दाखवून बरोबर घेतली. आतला खर्च दोन प्रेट्झेलचा, म्हणजे १४ डॉलर अधिक कर एवढाच झाला.