सरांचं नाव एसीएमच्या अवॉर्डसाठी पाठवलं, माझा अनुभव

आमच्या इंजिनिअरिंगच्या सरांचं नाव कार्लस्ट्रॉम अवॉर्डसाठी पाठवायचं हे बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं, आणि नेहमीप्रमाणे ठरवणारे सगळे नि फॉर्म भरणारा एकटा मी. एसीएम ही कॉम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांची जागतिक संघटना, तिचं ट्युरिंग अवॉर्ड सगळ्यांना माहीत असतं, दहा लाख डॉलर वगैरे, पण त्याच एसीएमचं शिकवणाऱ्यांसाठी कार्लस्ट्रॉम हे वेगळं अवॉर्ड आहे, १० हजार डॉलरचं, हे मला जेएफलॅपमुळे कळलं. टीओसीला, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन या विषयाला, ज्यांनी डीएफए-एनएफएच्या आकृत्या काढल्यात त्यांना त्या आकृत्या काढून चालवून बघायचं जेएफलॅप हे सॉफ्टवेअर आठवत असेल, ते ज्यांनी बनवलं त्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या सुसान रॉजर यांना २०१३ चं कार्लस्ट्रॉम मिळालंय. म्हटलं, शिकवायच्या साधनाचीही कोणी दखल घेतं तर, मग प्रोग्राम चालताना मेमरीत काय होतं ते कागदावर काढायच्या आमच्या सरांच्या शीट्सनी काय घोडं मारलंय?

स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही, त्यामुळे कोणीतरी बसून भरायलाच लागतं. फॉर्म वरवर सोपा वाटतो, २०० ते ५०० शब्दांत नॉमिनेशन, सीव्ही, तीन ते पाच सपोर्ट लेटर्स आणि अवॉर्ड कशाबद्दल ते सांगणारं जास्तीत जास्त २५ शब्दांचं सायटेशन. सरांना कळू द्यायचं नव्हतं, मग सीव्ही आणायचा कुठून, तर डिपार्टमेंटच्या नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाईलमध्ये सगळ्यांचे असतात, तिथूनच एका ज्युनिअर मॅडमनी गुपचूप पाठवला. त्यात काय होतं? अटेंड केलेले एफडीपी, म्हणजे शिक्षकांची ट्रेनिंग, परीक्षेच्या ड्युट्या, एनएसएसचा कॅम्प. आयआयटी बॉम्बेच्या दहा हजार शिक्षकांवाल्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये आमचं कॉलेज रिमोट सेंटर होतं, म्हणजे शिक्षक तिथे बसून ते ट्रेनिंग घ्यायचे, आणि सर त्याचे को-ऑर्डिनेटर होते, ते मात्र एका ओळीत. आणि शीट्सचा उल्लेखच नाही, कारण नॅकच्या फॉरमॅटमध्ये त्याला रकानाच नाही!

खरी अडचण इथेच आहे. रिसर्चचं बरं असतं हो. आपल्या इचलकरंजीच्या सुभाष खोतांना २०१४ ला थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्समधलं मानाचं नेव्हानलिना प्राइझ मिळालं, तर बोट ठेवायला त्यांनी मांडलेलं युनिक गेम्स कन्जेक्चर आहे, २००२ चा पेपर आहे, त्यावर लोकांनी पुढे काय काय केलं तेही छापून आलेलं आहे. शिकवलेलं कुठे छापून येतं? विद्यार्थ्यांना लेटर्स मागितली तर सगळी निरोप समारंभातल्या भाषणासारखी आली, सर म्हणजे दीपस्तंभ, सर म्हणजे दुसरे वडील. मनापासून लिहिलेली, मला वाचताना भरूनही आलं, पण कमिटीतल्या परक्या माणसाला त्यातून सर वर्गात नेमकं करतात काय हे कळणार नाही.

मग मी शीट्स शोधायला लागलो. एका मित्राच्या आईने त्याचं सेकंड इयरचं जर्नल माळ्यावर ठेवलं होतं, त्यात सापडल्या. फुलस्केप कागद, डावीकडे ओळ नंबर, मध्ये मेमरीचे चौकोन, प्रत्येकावर १०००, १००४ असे पत्ते, उजवीकडे आउटपुट. पॉइंटर, म्हणजे दुसऱ्या चौकोनाचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल, असेल तर त्याच्या चौकोनात तो पत्ता लिहायचा नि पेन्सिलीने बाण काढायचा. कोडमध्ये मेमरी सोडून देणारं फ्री आलं की त्या चौकोनावर काट मारायची पण बाण खोडायचा नाही, आणि सर विचारायचे, हा आता कुठे बघतोय? आमच्यातली निम्मी पोरं मराठी मीडियमची, अशा सोडलेल्या जागेकडे बघत राहणाऱ्या डँगलिंग पॉइंटरची इंग्लिश व्याख्या कोणालाच येत नव्हती पण तो काट मारलेला चौकोन सगळ्यांना कळत होता.

या शीट्स रिमोट सेंटरच्या ओळखीतून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेल्यात असं कळलं. तिथल्या मॅडमना फोन केला, ओळख ना पाळख, पण त्यांनी दोन पानी लेटर दिलं आणि माझ्या मते तेच सगळ्यात भारी होतं. एक विशेषण नाही. पूर्वी लिंक्ड लिस्टचं (पॉइंटरने एकमेकांना जोडलेल्या नोड्सच्या साखळीचं) प्रॅक्टिकल पोरं पाठ करून यायची, आता नोड डिलीट करताना एक ओळ गाळली तर काय तुटेल ते कागदावर काढून दाखवतात, एवढंच उदाहरणासकट लिहिलेलं. बाहेरच्या माणसाचं असं एक लेटर आपल्याच लोकांच्या चार लेटर्सना भारी पडतं, कोणी नॉमिनेशन भरणार असाल तर आधी असा माणूस शोधा, बाकीचं नंतर.

२५ शब्दांवर मात्र आमची रात्र गेली. ग्रुपवर प्रत्येकाला डेडिकेटेड आणि इन्स्पायरिंग घालायचंच होतं, मी काढत राहिलो, दोघं रुसले. शेवटी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी कागदावर मेमरी ट्रेस करून प्रोग्रामिंग शिकवण्याची पद्धत घडवल्याबद्दल आणि ती इतर कॉलेजांपर्यंत पोचवल्याबद्दल, अशा अर्थाचं इंग्लिश वाक्य बसलं.

अवॉर्ड मिळालं नाही. जगभरातली नावं असतात, अपेक्षाही फार नव्हती. पण फाईल तयार आहे तर एसीएमच्याच भारतातल्या शाखेचं, एसीएम इंडियाचं, कॉम्प्युटिंग एज्युकेशनसाठीचं ओसीसीई अवॉर्ड आहे, तिथे पाठवायची असं चाललंय. आता सरांनाही सांगून टाकलं. त्यांनी सीव्ही घेतला, एनएसएसचा कॅम्प राहू दे म्हणाले, नि नमुन्याच्या शीटमध्ये माझ्या मित्राने १००८ च्या जागी १००६ लिहिलं होतं ते लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवलं. स्कॅन नव्याने करायला लागणार.